गोष्टीतील निरगाठ



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही चटकन सांगून टाकले की, मुलांना गोष्टीतले संविधानक आणि संघर्ष कसा शिकवावा ह्याविषयी बोलू. त्यांनी तो लिहून घेतला. पण ह्या विषयाला खुर्च्या भरतील की नाही, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर आम्हाला स्पष्ट दिसली. काल ह्याच व्यासपीठावरून आरोग्याविषयी आपण ऐकलेत, उद्या शेतीच्या अर्थकारणाविषयी ऐकाल. मध्येच हा मराठीचा तास! तरीही आपण इतक्या संख्येने आला आहात. उकाड्यात घरी बसवत नाही हे त्याचे कारण असले, तरी आमची तक्रार नाही.

आम्ही तीस वर्षे एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात मराठी शिकवली. त्या काळात पाठ्यपुस्तके बदलली, परीक्षेच्या पद्धती बदलल्या. परंतु 'ह्या कथेतील संघर्ष स्पष्ट करा' हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपाने कायम राहिला. त्याचे उत्तर गाईडात तयार असते. माणसाचा माणसाशी संघर्ष, माणसाचा निसर्गाशी, समाजाशी आणि स्वतःशी, असे चार कप्पे केलेले असतात. गोष्ट वाचून झाली की ती कोणत्या कप्प्यात टाकायची एवढेच मुलाने ठरवायचे. टपालकचेरीत पत्रे निवडतात तसे हे काम आहे. निवडणाऱ्याला पत्र वाचावे लागत नाही, पत्ता वाचला की पुरे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एकदा आम्ही नववीच्या वर्गात विचारले, "संघर्ष म्हणजे काय रे?" पहिल्या बाकावरून उत्तर आले, "मारामारी, सर." वर्ग हसला, आम्हीही हसलो, आणि 'तसे नव्हे' म्हणून पुढे जे काही सांगितले ते आज आठवत नाही, त्याअर्थी ते फारसे मोलाचे नसावे. त्याच आठवड्यात मुलांना गोष्ट लिहायला दिली, आणि गोष्टीत संघर्ष असलाच पाहिजे असे बजावले. वह्या आल्या. त्यांत अकरा चोर होते, सात मोटार-अपघात होते, दोन वाघ होते आणि एक दुष्ट काका होता. त्या गावात वाघ पाहिलेला माणूस हयात नव्हता. पण मुलांना दोष कसा द्यावा? त्यांनी आमची आज्ञा तंतोतंत पाळली होती. फक्त एका वहीत चोरही नव्हता आणि वाघही नव्हता. त्या वहीकडे आम्ही पुढे येऊ.

पुष्कळ वर्षांनी, ह्या चोरांना आणि वाघांना कंटाळून, आम्ही नववीलाच चिऊकाऊची गोष्ट घेतली. मिसरूड फुटू लागलेली ती मुले. त्यांना प्रथम हा अपमान वाटला. आम्ही म्हटले, गोष्ट तुम्हाला येतेच आहे, तेव्हा निम्मे काम झाले. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, कावळ्याचे घर वाहून जाते, तो भिजत चिमणीच्या दारी येतो. ती दार उघडत नाही. बाळाला न्हाऊ घालते आहे, मग पुसते आहे, मग तीट लावते आहे, मग निजवते आहे. पुढचा भाग घरोघरी निराळा. कुठे तो तापलेल्या चुलीवर बसून भाजतो, कुठे घरात शिरून चणे फस्त करतो.

फळ्यावर दोन वाक्ये लिहिली. पाऊस आला, मग कावळ्याचे घर वाहून गेले. कावळ्याचे घर शेणाचे होते, म्हणून पावसात वाहून गेले. ह्यांत फरक काय? मुले म्हणाली, काहीच नाही. एक मुलगा मात्र थोडे थांबून म्हणाला, "सर, पहिल्यात पावसाची चूक आहे, दुसऱ्यात कावळ्याची." आता हे पाहा, एका 'मग'च्या जागी 'म्हणून' आला, आणि चूक एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर ह्याने १९२७ साली केंब्रिजला दिलेल्या व्याख्यानांत गोष्ट आणि संविधानक ह्यांतला भेद सांगितला आहे, तो हाच. नुसता काळाचा क्रम असेल तर ती गोष्ट. त्या क्रमात कारणाचा धागा आला की ते संविधानक. फॉर्स्टरचे नाव आम्ही वर्गात घेतले नाही. मुलांना एवढेच सांगितले की, आपापल्या वहीतल्या प्रत्येक 'मग'खाली पेन्सिलीने रेघ ओढा, आणि तिथे 'म्हणून' किंवा 'पण' बसतो का ते पाहा. एका वहीत दोन पानांत बावीस 'मग' निघाले. त्यांतल्या तिघांच्या जागी 'म्हणून' बसला. उरलेले एकोणीस प्रसंग खाली ओतले तरी गोष्टीचे काही बिघडत नव्हते, हे त्या मुलाला आम्हाला सांगावे लागले नाही.

नंतर संघर्षाकडे वळलो. कोणाचा कोणाशी? कावळ्याचा पावसाशी, म्हणजे निसर्गाशी, असे एक उत्तर आले. कावळ्याचा चिमणीशी, असे दुसरे. कप्पे तयारच होते. आम्ही विचारले, चिमणीला काय हवे आहे? वर्ग गप्प. हा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारला नव्हता. चिमणी शहाणी आणि कावळा वेंधळा, एवढ्यावर आजवर भागले होते. मागल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "तिला दार उघडायचं नाहीये, पण नाही म्हणायचंही नाहीये." ह्या एका वाक्यासाठी आम्ही मागली पंधरा वर्षे त्या वर्गात उभे होतो असे आम्हाला वाटले. पाऊस आणि कावळा बाजूला राहिले. बाळाची अंघोळ, तीट, पाळणा ही सगळी एका मनातली चालढकल आहे, आणि प्रत्येक सबबीगणिक बाहेरचा कावळा अधिक भिजतो आहे. आजीने सांगितलेल्या गोष्टीतही पायऱ्या किती नेमक्या घातल्या आहेत! एक सबब काढून टाकली तर जिना मोडतो, आणि दहा घातल्या तर मूल झोपी जाते.

ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या रचनेचे दोन भाग पाडले आहेत. त्यांसाठी त्याने योजलेल्या ग्रीक शब्दांचा अर्थ बांधणे आणि सोडणे असा होतो. आपल्या नाट्यशास्त्रात बीज पेरण्यापासून फळ हाती येईपर्यंत मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी सांगितले आहेत. जर्मनीत गुस्टाव्ह फ्रायटाग ह्याने १८६३ साली नाटकाच्या चढ-उताराची त्रिकोणी आकृती काढली, आणि ती आज जगभरच्या शाळांतल्या फळ्यांवर आहे. ह्या सर्वांविषयी आम्हाला आदर आहे. पण शेतकऱ्याच्या मुलाला सुरगाठ आणि निरगाठ ह्यांतला भेद हाताला ठाऊक असतो, आणि आम्हाला तेवढ्याने भागवता आले. सुरगाठ एका हिसक्यात सुटते. चोराच्या अकराही गोष्टींत अशीच गाठ होती. पोलीस आले, हिसका दिला, सुटली. निरगाठ नखांनी, दातांनी सोडवावी लागते, आणि सुटली तरी दोरीला पीळ राहतो.

ही निरगाठ कशी घातली जाते हे वरच्या वर्गातल्या मुलांना दाखवायला शकुंतलेच्या कथेसारखी कथा नाही. कारण तिची दोन रूपे आपल्यासमोर आहेत. महाभारताच्या आदिपर्वातली शकुंतला आपल्या लहानग्या मुलाला घेऊन दुष्यंताच्या सभेत येते. राजाला सर्व आठवत असते. तरीही भर सभेत, आपण हिला ओळखत नाही, असे तो म्हणतो. ती त्याला खडे बोल सुनावते. शेवटी आकाशवाणी होते आणि राजा तिचा स्वीकार करतो. वर सांगतो की, मला ठाऊक होते, पण नुसत्या तुझ्या शब्दावर मुलाला घेतले असते तर लोकांनी शंका काढली असती. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी ही दोन नवी आणली. महाभारतात ती नाहीत. शकुंतला पतीच्या विचारात बुडालेली असल्यामुळे दारी आलेल्या दुर्वासाकडे तिचे लक्ष जात नाही, म्हणून शाप. शाप दोघी सख्यांनी ऐकला. पण आधीच हळव्या झालेल्या मैत्रिणीला तो सांगायचा नाही असे त्या ठरवतात. म्हणून अंगठीची किंमत शकुंतलेला कळत नाही, म्हणून ती शचीतीर्थाच्या पाण्यात गळून पडली तरी दरबारात हात पुढे करीपर्यंत तिला त्याचा पत्ता नसतो. मोजून पाहा, किती 'म्हणून' झाले! आणि ह्यातला एकही दुष्टपणातून आलेला नाही. सख्यांनी मायेपोटी गुपित राखले, हेच पाहा. प्रेक्षकाला सर्व ठाऊक, रंगमंचावरच्या दोघांना काही ठाऊक नाही. पाचव्या अंकात तो राजा तरी काय करणार? हिला नाकारावे तर स्वतःच्या पत्नीचा त्याग घडेल, स्वीकारावे तर परस्त्रीच्या स्पर्शाचे पाप लागेल. कोणत्याही बाजूला पाऊल टाकले तरी धर्म मोडतो.

शापामुळे कालिदासाने नायकाचे शील सांभाळले, असे शिकवण्याची रीत आहे, आणि ते खोटे नाही. आम्हीही तेच शिकवत होतो. एका वर्षी वर्गाला सहज विचारले, ह्या दोन राजांपैकी कोणाच्या मनात अधिक खळबळ असेल? आम्हाला हवे असलेले उत्तर अर्थातच कालिदासाच्या बाजूचे होते. एक मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, महाभारतातला. त्याला खरं माहीत आहे आणि सगळ्यांसमोर खोटं बोलायचं आहे. आणि समोर स्वतःचंच पोर उभं आहे."

तो मुलगा बसला आणि आम्हाला ती वही आठवली.

मघाशी म्हटलेली चोर नसलेली वही ती हीच. लिहिणारा मुलगा तीन मैलांवरच्या वाडीहून पायी येई. त्याने दीड पानात लिहिले होते की, सोसायटीचे कर्ज थकले म्हणून वडिलांनी म्हैस विकायला काढली आणि बाजाराला त्याला बरोबर नेले. म्हैस दुधाला चांगली, पण पान्हा चोरायची. फक्त आईच्या हाताला दूध द्यायची. बाजारात दलालाने रुमालाखाली हात घालून बोटांवर भाव केला. भाव जमत आला तेव्हा घेणाऱ्याने विचारले, "पान्हा चोरती का?" वडील म्हणाले, "पोरालाच विचारा, त्योच असतो गोठ्यात." मुलाने वडिलांकडे पाहिले. ते दुसरीकडे पाहत होते. मुलगा म्हणाला, "न्हाई." पैसे मोजून घेतले. वडिलांनी म्हशीचे दावे सोडून त्याच्या हातात दिले, आणि दोघे काही न बोलता घरी आले. आईने काही विचारले नाही. दावे तिने खुंटीला अडकवले. इथे गोष्ट संपली होती.

त्या वहीवर आम्ही तांबड्या शाईने लिहिले : 'प्रसंग चांगला. परंतु संघर्ष नाही. शेवट अपुरा.' आणि दहापैकी चार गुण दिले.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरे होते. तो मुलगा दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला, आणि त्याने विचारले, "सर, शेवट कसा करायचा होता?" आम्ही खूश झालो, विद्यार्थी जिज्ञासू आहे असे वाटले. आम्ही सांगितले, घेणारा माणूस चार दिवसांनी भांडायला परत येतो असे दाखव, म्हणजे संघर्ष येईल. वडील चूक कबूल करतात, तो क्षमा करतो, म्हणजे शेवट पुरा होईल. त्याने तसे लिहून आणले. अक्षर पहिल्यापेक्षा चांगले होते. आम्ही सात गुण दिले आणि ती गोष्ट वर्गात वाचून दाखवली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तो खाली मान घालून उभा होता. त्याला लाज वाटत असेल अशी आम्ही समजूत करून घेतली, आणि ती एका अर्थी खरी होती. बाजारात वडिलांसाठी तो एकदा खोटे बोलला होता. दुसऱ्यांदा आमच्यासाठी बोलला.

त्या मुलाने पुढे त्या वर्षात निबंध पुष्कळ लिहिले, सर्व नमुन्याबरहुकूम. गोष्ट पुन्हा लिहिली नाही.

आता ह्यात आमच्या अडाणीपणाशिवाय दुसरेही काही होते, ते सांगितले पाहिजे. आमची पिढी वाढली ती ना. सी. फडक्यांच्या 'प्रतिभासाधन'वर. १९३१ साली निघालेल्या त्या पुस्तकाने कथेला तंत्र असते हे मराठी वाचकाला पटवले, आणि हा उपकार लहान नव्हे. त्यापूर्वी कित्येक लेखकांच्या गोष्टी सुरू होत आणि मग कुठे थांबावे हे त्यांना कळत नसे. पण तंत्राचा साचा व्हायला वेळ लागत नाही. १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर ह्यांनी तो साचा फोडला. माडगूळकरांची 'माणदेशी माणसे' १९४९ साली पुस्तकरूपाने आली. तीत ओढून आणलेली गुंतागुंत नाही, शेवटची कलाटणी नाही, तरी ती माणसे डोळ्यांपुढून हलत नाहीत. हे सर्व आम्ही वाचले होते, वाखाणलेही होते. घरी आरामखुर्चीत बसून वाचलेली नवकथा आम्हाला कळत होती. तीच चीज एका मुलाच्या दुरेघी वहीतून आली, तेव्हा मात्र कळली नाही. तपासणारा माणूस हातात तांबडी शाई घेतली की आपले वाचन घरी ठेवून येतो, असा आमचा अनुभव आहे. इथे कोणी शिक्षक बसले असतील तर त्यांनी रागावू नये.

ह्यानंतर आमची शिकवण्याची रीत थोडी बदलली. 'संघर्ष' हा शब्दच आम्ही बरेच दिवस वर्गात बंद ठेवला. त्याऐवजी दोन प्रश्न विचारू लागलो. ह्या माणसाला काय हवे आहे? आणि ते मिळाले तर त्याच्या हातून काय जाईल? दुसरा प्रश्न महत्त्वाचा. पहिल्याच्या उत्तराने मुले चोरापर्यंत पोचतात, कारण चोराला पैसे हवे असतात; दुसऱ्यापाशी चोर अडखळतो. एकदा एका मुलाने चोराच्या गोष्टीतच लिहिले की, ज्या घरात चोर शिरला तिथे त्याची जुनी मास्तरीण एकटी झोपलेली होती. गोष्ट पुढे फार जमली नव्हती, पण चोर पहिल्यांदाच माणूस झाला होता. आणि एक पथ्य आम्ही स्वतःला घालून घेतले : मुलाला शेवट सांगायचा नाही. तो चुकला तरी नाही. हे पथ्य फार जड आहे. गुण द्यायचे असतात, वेळ थोडा असतो, आणि आपल्याला शेवट सुचलेला असतो.

घरी हे करून पाहायला हरकत नाही. आज घरोघरी मुलांना पडद्यावर गोष्टी दिसतात, आजीपेक्षा पुष्कळ अधिक दिसतात. त्यांतही 'मग' पुष्कळ आणि 'म्हणून' थोडे असतात, पण असतात. मूल पाहत असताना मध्येच विचारले तर ते चिडते. जेवताना विचारावे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी आम्ही पुन्हा चिऊकाऊ घेतली आणि मुलांना सांगितले, चिमणीच्या घरात काय चालले आहे तेवढेच लिहा, आणि दार उघडण्याआधी थांबा. एका मुलीने पाऊण पान लिहिले. तिच्या चिमणीचे घर एका खोलीचे होते. मागल्या पावसाळ्यात कावळा असाच दोन रात्रींसाठी म्हणून आला होता, तो दिवाळीपर्यंत राहिला. चिमणा ह्या बाबतीत काही बोलत नसे. चिमणीने डब्यात हात घालून पीठ किती उरले आहे ते पाहिले, आणि झाकण आवाज न करता लावले. दार पुन्हा वाजले. बाळाची अंघोळ केव्हाच झाली होती. कोरड्या बाळाला ती पुन्हा पुशीत होती.

तिच्या घरी कोण राहायला आले होते हे आम्ही विचारले नाही. वहीत 'कोरड्या' ह्या शब्दाखाली एक रेघ तेवढी ओढली, आणि तिच्या संमतीने ते पान वर्गात वाचले. वाचून झाल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलाला राहवेना. त्याने मागे वळून तिला विचारले, "मग उघडलं का तिनं दार?"

ती म्हणाली, "सरांनी थांबायला सांगितलं होतं."